श्रावणातली अंडी

आई, आज श्रावणी सोमवार आहे आणि मी सकाळी तीन अंडी उकडली. खिडकी सताड उघडी ठेवून, कुणापासून न लपवता. यात एवढं सांगण्यासारखं काय, असं तू म्हणशील. वजन आणि साखर दोन्ही वाढल्यावर मी जिमला जायला लागले. तिथली पोरगेली ट्रेनर पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, उपाशी राहाल तर आधी मसल जातील, चरबी तिथेच. प्रत्येक जेवणात प्रोटीन पाहिजे. भात एक वाटी, बस." मला हसू आलं. मालाडच्या मैदानावर कबड्डीचे सर हेच सांगायचे, फक्त ओरडून. तिने रोजचं खाणं लिहायला वही दिलीय, त्याच वहीत मागच्या पानांवर हे लिहितेय.

तेव्हा मी दहावीत होते. निवड चाचणीला महिना उरला होता आणि माझं वजन आमच्या वजनगटाच्या मर्यादेपेक्षा दोन किलो जास्त. सरांनी भात अर्ध्यावर आणला, वडापाव बंद केला आणि रोज दोन उकडलेली अंडी खायला सांगितली. नेमका श्रावण लागलेला. आपल्या घरी गणपती जाईपर्यंत मासळीचं नावही नाही, आणि आजीचं नाक तर भलतंच तिखट. तू चिडलीस, "ह्याच म्हयन्यात सुचला तुझ्या सरांका?" पण दुसऱ्या दिवशी आजी देवळात गेल्या गेल्या तू जुनं पातेलं काढलंस. अजून दिसतं मला. तू दार लावून घेतेस, उदबत्ती पेटवतेस, अंडी सोलतेस आणि टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकतेस, मरोळला कारखान्यात जाताना वाटेत फेकायला. डबा माझ्या हातात देतेस आणि म्हणतेस, "खा गो. कोणाक सांगू नको. पाप लागला तर माका लागांदे."

महिनाभर रोज हेच. चाचणीच्या दिवशी मी काट्यावर उभी राहिले तर वजन तेवढंच. सरांनी नाव खोडलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही. घरी येऊन मी रडले, तू बराच वेळ देव्हाऱ्यासमोर उभी होतीस. गणपती गेल्यावर बाबांनी बांगडे आणले. तू तळलेस, आम्हाला वाढलेस आणि म्हणालीस, "माका नको. मिया सोडलंय." देवाला बोलून आवडती वस्तू सोडतात, तशी तू मासळी सोडलीस, अंडीही सोडलीस. बांगड्याचं डोकंसुद्धा चोखून खाणारी तू. आपण श्रावण मोडला म्हणून पोरीचं नुकसान झालं, असं तू मनाशी धरून बसली होतीस, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

पुढे तुझे दंड काडीसारखे झाले. खुर्चीतून उठताना माझा हात लागायचा. डॉक्टर म्हणाले, अंगात स्नायूच उरले नाहीत, यांना अंडी द्या, मासे द्या. तू मान हलवून नाही म्हणालीस. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी मुगाच्या कढणाची वाटी घेऊन बसले होते. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले असते तर कदाचित तू खाल्लंही असतंस. पण इतकी वर्षं उगाच सोडलं हे तुला कळलं असतं, आणि मग तू माझ्याकडे कसं बघितलं असतंस, याची मला भीती वाटली. मी चमचा पुढे केला.

आई, ती अंडी मी खाल्लीच नव्हती. श्रावणात अंडी खाते म्हणून पोरी हसतील, ही लाज. मैदानामागच्या मांजरांपुढे डबा रिकामा करायचे आणि सराव संपला की वडापाव खायचे, कधी कधी दोन. त्या श्रावणात आपल्या घरात अंडं कुणीच खाल्लं नव्हतं.