देवपुरात राहतं कोण

देवपूर, धुळे
चैत्र शुद्ध एकादशी, शके १८६३

प्रिय लीलाधर,

तुझं कार्ड मिळालं. तुम्ही दोघं सुखरूप आहात, सूनबाईंचा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं. देवपुरात प्लॉट घ्यावा की नको, असं तू विचारलंस. तुझे सासरे असोद्याहून सांगतात की घ्यायचा तर जळगावातच घे, धुळ्याला नदीपलीकडे कोण राहायला जातं. तू इथेच वाढलास, तरी तुलाही ते पटलेलं दिसतं. त्यात नवल नाही. तू होतास तेव्हा खरोखरच इथे कोणी राहत नव्हतं. आपणही राहत नव्हतो, शाळेपुरते आलो होतो. आता कोण राहतं ते मी जसं पाहते तसं लिहिते, ठरव तू. तुझ्या धाकट्या भावाला, पंडितला, नंदुरबारला नोकरी लागल्यापासून खोलीत मी एकटीच आहे, तेव्हा ओट्यावर बसून पाहायला वेळ मिळतो. वैशाखात आखाजीला नाना गाडी धाडणार आहेत आणि मला खोली रिकामी करून गावी जायचं आहे, हे तुला कळलंच असेल. ते पुढे लिहीन.

आपण आलो तेव्हा पूल उतरला की डाव्या हाताला दादर ज्वारीचं शेत होतं आणि त्याच्या बांधाला लोटनशेटच्या खोल्यांची एक रांग. मातीच्या भिंती, वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे. पण उन्हाळ्यात आत बसायला कोणी असायचंच कुठे? त्या खोल्या घरं म्हणून बांधलेल्याच नव्हत्या. खेड्यातले लोक मुलांना शहरातल्या शाळेत घालू लागले, त्यांच्यासाठी त्या होत्या. एका खोलीत एका घरची दोन-तीन मुलं आणि त्यांना भाकरी करून घालायला त्याच घरातली एक बाई. ती बाई कोण असायची तेही ठरलेलं. जिच्या जाण्याने गावातलं काही अडत नाही ती. कुणाची विधवा काकू, कुणाची नवऱ्याने टाकलेली आत्या, कुणाची मूल न झालेली मोठी आई. तुझ्या आईचे हात शेतात हवे होते. तुझे वना काका नुकतेच गेले होते आणि मला मूलबाळ नव्हतं. म्हणून मी आले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घराच्या दृष्टीने पाहिलं तर ते बरोबरच होतं.

अशी ती सगळी गल्ली. बायका एकट्या, मुलं दुसऱ्यांची. मृगाच्या सुमारास गाड्या यायच्या, धान्याची पोती उतरायची, आणि आखाजी जवळ आली की दारोदार कुलपं लागायची. तू पाढे म्हणायचास आणि मी भाकरी थापायचे. अक्षरंही मी तशीच शिकले, चुलीशी बसून, तुझ्या पाठीमागून. त्या गल्लीत पाळणा कधी हलला नाही, कधी कुणाचं बारसं झालं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आता पलीकडच्या प्लॉटांवर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी घुगऱ्या वाटत येतं, तेव्हा ते उलट दिशेने आठवतं.

आपल्यानंतर मास्तर लोक आले, मग कोर्टातले कारकून. शहरातल्या जुन्या घरांतून दोन भावांची बिऱ्हाडं मावेनाशी झाली की धाकटा पूल ओलांडायचा. थोरला कधी आलेला मी पाहिला नाही. मग पेन्शनर आले, सकाळी काठी घेऊन फिरणारे. आणि आता गेल्या चार-पाच वर्षांत तुझ्यासारखे येऊ लागले आहेत. खोलीत राहून मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, आणि बायको घेऊन परत इथेच आले. गावी जमीन आहे, घर आहे, तरी परत इथे. शेजारचे आबा पेन्शनर म्हणतात, ही शिकलेली जात पाण्यासारखी, उतार सापडला की परत वर जात नाही. स्वतः ते शिंदखेड्याहून आले ते इथेच थांबले, पण ते कोण बोलून दाखवणार.

घरांचं सांगते, कारण तुला बांधायचं आहे. छताला धाबं इथे आता कोणी घालत नाही. गावात धाबं उत्तम, उन्हाळ्यात गार, वर झोपता येतं. पण पावसाळ्याआधी दरसाल त्यावर माती टाकून चोपायला घरात माणसं लागतात, आणि इथे एका घरात माणसं चार, त्यातली दोन लहान. म्हणून सगळे कौलं घालतात. कुटुंब लहान झालं तशा खोल्या वाढल्या, हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही. गावी आपण सगळी मिळून दोन खणांत झोपत होतो. इथे नवराबायको आणि एक मूल, त्यांना बैठकीची खोली वेगळी लागते. ओटे अरुंद होत चालले आहेत. पुढे काटेरी तारेचं कुंपण घालतात, मग तिथे तुळस लावतात, आणि शेजारणीला हाक मारायची तर तारेपाशी येऊन उभं राहावं लागतं.

ही घरं बांधायला सातपुड्याच्या पायथ्याची माणसं येतात. त्यातली रुपली आणि तिचा नवरा सुका गेली काही वर्षं परत गेलेले नाहीत. विटा वाहतात. ज्या प्लॉटावर काम चालू असेल त्याच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटावर त्यांची झोपडी. तो विकला गेला की त्याच्याही पुढच्या. रुपली एकदा मला म्हणाली की आम्ही घर बांधलं की आमचं घर हलतं. हसत म्हणाली. आता त्यांची झोपडी नाल्याच्या काठाला पोचली आहे. तू प्लॉट घेशील तेव्हा तो मोकळा असेलच असं नाही, एवढं लक्षात ठेव.

कार्तिकात खानेसुमारीच्या आधी घरांवर नंबर टाकायला कौतिक मास्तर आले होते. तेच ते, तुझे मराठी चौथीचे. डांबराचा डबा घेऊन दारोदार फिरत होते. शेजारच्या खोलीतल्या भागाबाईला त्यांनी विचारलं की इथे किती दिवस राहता. भागाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, मास्तर, मी आठे राहस नही, मी गावनी शे, पोऱ्याना शाळाकरता उनी व्हती. कधी आलात? म्हणे, पोऱ्याना दुधना दात पडेल नव्हतात तव्हय. मग तो मुलगा कुठे आहे? त्याले मिशा फुटन्यात, तो मुंबईले गया. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि पुढच्या दाराला गेले. तिथेही तेच. आमच्या रांगेत प्रत्येकीने आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि आपण पाहुणी असल्याचं सांगितलं. मीही सांगितलं. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, अहो, मग या गल्लीत राहतं तरी कोण? भागाबाई म्हणाली, ढेकून राहतस, लिखी ल्या.

ती भागाबाई पौषात गेली. तुला माहीत आहे, इथे इतकी वर्षं कोणी मेलं नव्हतं. म्हणजे आजारी पडत, पण दुखणं वाढलं की गावाहून गाडी यायची आणि माणूस गावी जाऊन मरायचं. कारकून आणि पेन्शनरही तसंच करायचे. गेल्या वर्षी एका पेन्शनरबाबाने सुरुवात केली, मग आणखी दोघे. पण खोल्यांच्या रांगेतली भागाबाई पहिली. तिचे पुतणे गाडी घेऊन आले होते, गाडीत गवत पसरून वर गोधडी घातली होती. मी तिला उठवायला हात घातला तर म्हणाली, माले नका हलावू, मी मना घरमा शे. पुतण्यांना वाटलं वातात बोलते आहे, घर तर गावाला. मलाही आधी तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पांझरेच्या काठी तिला अग्नी दिला आणि गाडी तिची दोन भांडी घेऊन परत गेली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मुलं शिकायला येतात तोवर ती वस्ती नव्हे. बारसी होतात तेव्हाही माणसं म्हणतात, बाळंतपण काय, माहेरीही होतं. पण मरायला म्हणून लोक परत जाईनासे झाले की ती वस्ती पक्की समजावी. देवपूर आता पक्कं झालं. प्लॉट घे. पूर्वेच्या बाजूला घे, तिकडे विहिरीला पाणी लवकर लागतं.

आता माझं. फाल्गुनात मास्तर पक्क्या मोजणीला पुन्हा आले. पंडित गेलेला, भागाबाईच्या दाराला कुलूप. मास्तरांनी मान वर न करताच विचारलं, तुम्ही गावच्याच ना काकू? मी म्हटलं, नाही, मी इथे राहते. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. बस, एवढंच झालं. मी आत जाऊन तीन कारकुनांचे डबे भरले. हे डबे मी दिवाळीपासून करते, तुला पंडितने सांगितलं असेल. माझ्या पोटापुरतं आणि खोलीच्या भाड्यापुरतं त्यात भागतं.

त्यानंतर आठवड्याभरात नाना आले. आपल्या घरची रीत तू विसरला नसशील. नाना माझे जेठ, थोरले दीर, त्यांच्यासमोर मी बोलायचं नाही. इतकी वर्षं ते ओट्यावर, मी दाराआड, आणि उंबऱ्यावर तू. ते म्हणायचे, लीलाधर, तुना काकूले विचार, दादर पुरी का. मी तुला हळूच सांगायचे आणि तू मोठ्याने त्यांना. मध्ये हातभर अंतर, माझा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जायचा, तरी ते तुझ्या तोंडाकडे पाहत थांबायचे. एकदा मी दादर पुरेल म्हटलं तर तू ओरडून सांगितलंस, काकू म्हणते गूळ पाठवा. नानांनी मिशीत हसून पुढच्या खेपेला ढेप पाठवली. तुझ्यानंतर पंडित उंबऱ्यावर उभा राहिला. या खेपेला तिथे कोणीच नव्हतं. नाना बसले, इकडे तिकडे पाहिलं, खाकरले. मी तांब्या बाहेर सरकवला. पाणी प्यायले. मग बैलांकडे पाहून म्हणाले, आखाजीले परत येनं शे रे. भांडाकुंडा बांधेल पाहिजे. बैल शेपटी हलवत होते. माझं उत्तर तयार होतं, अगदी ओठांवर होतं. परक्या मास्तराला दिलं होतं ते या घरच्या माणसाला देता आलं नाही. कुणाला सांगणार होते? बैलांना? नानांनी थोडं थांबून पाहिलं, मी गप्प म्हणजे मला मान्य, असं धरलं, आणि गाडी जोडली. त्यांचा यात काही दोष नाही. दुसरं ते काय धरणार?

गावी मला कोणी वाईट वागवणार नाही. तुझी आई कोपऱ्यात माझी गोधडी घालेल, ताटात आधी मला वाढेल. पण दिवस कसा घालवायचा हे तिथे मला कोणीतरी सांगेल, आणि इथे मला ते कोणी सांगत नाही. याहून जास्त कारण माझ्यापाशी नाही. नानांना हे कारण वाटणार नाही, म्हणून ते त्यांना सांगू नकोस. तू म्हणशील, मग आमच्याकडे जळगावला ये. येईन, चार दिवस, पाहुणी म्हणून.

प्लॉटाचं विचारलंस आणि मी इतकी पानं लिहिली, याचं तुला नवल वाटत असेल. खरं तर तुझं कार्ड येण्याआधीच तुला लिहायला बसले होते आणि सुरुवात सुचत नव्हती. नानांना पत्र धाडलं तर ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतील, आणि जेठाला बाईने पत्र लिहिलं हेच आधी गावभर होईल. म्हणून आखाजीच्या आधी रजा काढून एक दिवस गावी जा. तू आता मोठा झालास, कचेरीत खुर्चीवर बसतोस, तरी या एका कामाला तुझ्याशिवाय माझं दुसरं कोणी नाही. नाना ओट्यावर बसले असतील तिथे जाऊन उभा राहा. मी इथून सांगते, तू तिथे मोठ्याने सांग. आपल्या मनाचं त्यात काही घालू नकोस, गुळाचंसुद्धा नको. लीलाधर, तुझ्या नानांना सांग, एवढ्या उन्हात बैलांना इतक्या लांब काढू नका. काकूला यायचं नाही.

तुझीच,
काकू