बिनफोनचा आठवडा

६ फेब्रुवारी १९८३, रविवार

उद्यापासून बेलापूरला मॅनेजमेंटचा कोर्स! कंपनीच पाठवतेय. परतल्यावर प्लान्ट मॅनेजरची खुर्ची — साहेब तसं म्हणाले नाहीत, पण चहा पाजला. आमच्या महाप्याच्या कारखान्यात हे सहसा होत नाही.

७ फेब्रुवारी

सगळे घोडे इंजिनिअर, आणि बसायला शाळेची बाकं. शिकवणाऱ्या नंदकिशोर सरांचे बूट फार स्वच्छ. कारखाना आतून पाहिला नसावा. म्हणाले, "ज्याच्यावाचून काम अडतं, तो मॅनेजर नव्हे." ज्याच्या कारखान्यातून फोन येईल त्याचे मार्क कापणार. अहवाल थेट कंपनीला!

येताना पंढरीला गाठलं. माझा सुपरवायझर, जासईचा. "काही झालं तरी फोन करू नकोस. माझी मॅनेजरी तुमच्या हातात आहे."

"सायब, तुमी निवांत शिका."

९ फेब्रुवारी

शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांना सकाळपासून फोनावर फोन. जेवले नाहीत. मला एकही नाही.

१० फेब्रुवारी

आजही नाही. आनंद व्हायला हवा. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. इतकी वर्षं त्या प्लान्टमागे जीव काढला आणि त्याला माझी आठवणसुद्धा नाही! घरी मालतीला सांगितलं. म्हणाली, "घराचंही तसंच आहे." आणि भाजी निवडत बसली.

१२ फेब्रुवारी

कोर्समध्ये पहिला!! पेढे घेतले.

१४ फेब्रुवारी

साहेबांनी अहवाल मोठ्याने वाचला. "अभिनंदन. तुमच्यावाचून काहीच अडलं नाही." पुन्हा चहा. मग म्हणाले, "त्यामुळे हेड ऑफिसचं मत पडलं, की तुमची जागाच नको. महिनाअखेरपर्यंत या." मी थँक्यू म्हणालो. टीका शांतपणे कशी घ्यावी, हे शुक्रवारी शिकवलं होतं. बाहेर आल्यावर मात्र रडू आवरेना. पेढ्यांचा डबा हातातच होता.

१५ फेब्रुवारी

पंढरी घरी आला. दारातच उभा, आत येईना. गेल्या मंगळवारीच मोठा पंप जळाला होता. प्लान्ट ठप्प! शेजारच्या कारखान्यात त्याचा मेहुणा आहे, त्याच्याकडून पंप उसना आणला. चालू होईस्तोवर एकही माणूस घरी गेला नाही. साहेबांना पत्ता नाही.

"तुमची मॅनेजरी जाव नये म्हनून, सायब. आमी कोनाला कलू दिला नाय."

मालतीने चहा केला. दोघांकडूनही तो प्यायला गेला नाही.