शिंप्याची साक्ष

प्रिय ठमे,

आज दुपारी निकाल लागला. तुमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई जिंकल्या. ज्या कार्यक्रमात रोज संध्याकाळी तुम्हा सगळ्यांना 'पाण्याचे खोटे अहवाल देणारी टोळी' म्हटलं गेलं, त्याच कार्यक्रमात वाहिनीने माफी मागायची आहे. ऐकलं आणि मी कोर्टाच्या पायरीवर बसकणच मारली. इतकं हलकं वाटलं की आधी रडू आलं, मग भूक लागली.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा माझ्या हाताने लिहू दे. दुकानात मशीनसमोर टीव्ही लावून बसायची खोड माझीच. तो निवेदक टेबलावर हात आपटायला लागला की माझी शिलाई थांबायची. त्याने कधी एक कागद दाखवला नाही, पण इतकं ठासून बोलणारा माणूस चुकेल कसा, असं वाटायचं. आयुष्यात माप घेतल्याशिवाय कात्री लावली नाही, आणि इथे मात्र डोळे मिटून मान डोलावली. त्याहून वाईट म्हणजे, गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो, "माझी मुलगीच आहे तिथे, मला आतलं ठाऊक आहे." ठाऊक कसलं, डोंबल! घरी तू कामाबद्दल अवाक्षर काढत नव्हतीस. पण लोकांनी विश्वास ठेवला, तो माझ्या शब्दावर. मग एके दिवशी मोठ्या बाईंच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं.

त्या संध्याकाळी तू आलीस, माझ्या कापायच्या टेबलावर पाण्याच्या तपासणीचे कागद पसरलेस. मी ते वाचलेसुद्धा नाहीत. म्हणालो, "टीव्हीवरचा माणूस कशाला खोटं बोलेल?" तू म्हणालीस, "आणि मी कशाला बोलेन, बाबा?" कागद गोळा केलेस आणि गेलीस. पुढच्याच महिन्यात बदलीही मागून घेतलीस.

तरी माझा हट्ट सुटला नाही. कार्यक्रम बघतच राहिलो. मग बाईंनी दावा लावला आणि वाहिनीच्या वकिलांचं म्हणणं पेपरात आलं : आमचे निवेदक केवळ मत मांडतात, कुणीही समजूतदार प्रेक्षक ते खरं धरत नाही. मी ते तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे तुम्ही कोण?"

मी चप्पल घातली आणि बाईंच्या वकिलांकडे गेलो. म्हटलं, "खरं धरणारा माणूस हवा असेल तर मी आहे." उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी हसत विचारलं, "पोटच्या मुलीपेक्षा तुम्ही टीव्हीवर विश्वास ठेवलात?" मी "हो" म्हणालो. गिऱ्हाइकांशी खोटं बोललो, तेही सांगितलं. ते सांगताना माझी मान वर झाली नाही, पण त्यांचंही हसू मावळलं. आज न्यायाधीशांनी वाचून दाखवलं की मत कुणाचं काहीही असो, पण 'अहवाल खोटे आहेत' हे मत नव्हे. ते तपासूनच बोलायला हवं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी ते खरंच धरलं होतं.

दोन वर्षांत मी तुला सात पत्रं लिहायला घेतली आणि सातही फाडली. तू माझं अक्षर बघून पाकीट तसंच ठेवून देशील, ही धास्ती होती. आज निकालानंतर मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "साक्षीच्या वेळी तुम्हाला खुर्ची कुणामुळे मिळाली, माहीत आहे? तुमच्या मुलीने आदल्या दिवशी फोन केला होता. म्हणाली, बाबांचे पाय सुजतात, त्यांना उभं राहायला लावू नका." मला वाटलं होतं, कोर्टात सगळ्यांनाच देतात. तेवढ्या एका खुर्चीच्या जोरावर हे आठवं पत्र लिहितोय, आणि हे आत्ताच टपालपेटीत टाकून येतो.

अजूनही तुझाच,
बाबा