रन संपल्याशिवाय पुढचा शब्द नाही

सोमवार, ४ तारीख
आणि वर सूनबाई मलाच म्हणते, आई, चिडू नका, भाषा अशीच असते. अशी कशी असते? कालपर्यंत रन म्हणजे पळणं होतं. आज नाक रन होतं, मशीन रन होतं, माणसं दुकानसुद्धा रन करतात. इंग्रजी जगभर बोलतात म्हणे, आणि शब्दांची एवढी कंजुषी.

लाँड्रीत काउंटरची जागा रिकामी होतेय. खुर्ची, पंखा, समोर काच. मी इतकी वर्षं मागच्या खोलीत उभ्याने इस्त्री करतेय, गुडघे आता जिना बघूनच कुरकुरतात. मालक म्हणाले, समोरच्या हॉटेलातले पाहुणे इंग्रजी बोलतात, थोडं येत असेल तर पुढच्या सोमवारी बसून दाखवा. थोडं कशाला, पूर्णच शिकते म्हटलं. शेजारच्या टेबलावर धाकटी जाऊ असते, तिलाही त्यांनी विचारलंय. तिची काय भीती.

मंगळवार, जेवणाच्या सुट्टीत
माझी पद्धत ठरलेली. शर्ट हातात घेतला की कॉलर, बाह्या, पाठ, घडी. मगच दुसरा. जाऊ आधी सगळ्या कॉलरी करते, मग सगळ्या बाह्या. तिच्या टेबलावर दुपारपर्यंत एक शर्ट धड नसतो. शिकायचंही माझं तसंच. रन पूर्ण संपवायचा, मग पुढचा शब्द. सूनबाई म्हणाली, आधी कामापुरते दहा-बारा शब्द घेऊ. म्हटलं, अर्धवट काम मला जमत नाही.

बुधवार
कपड्याचा रंग सुटला की तोही रन. हे आवडलं, आपल्याच धंद्यातलं. काही संपलं तर रन आउट. घरात साखर खरंच संपली, तसं ह्यांना इंग्रजीत सांगितलं. म्हणाले, आधी आणून ठेव, मग भाषण कर. शिकणाऱ्या बाईचं घरात कौतुक नाही.

शुक्रवार
सूनबाईने मोबाइलवर रनचे अर्थ दाखवले. बोट सरकवतेय, सरकवतेय, संपेना. इलेक्शनलाही रन करतात. आपल्याकडे उभे राहतात, तिकडे पळतात. मोज्याचा धागा उसवला तरी रन. मोबाइल बंद करायला लावला. चौथीपर्यंत शिकले, पण असा लोचट शब्द भेटला नव्हता.

जाऊ डबा खाताना म्हणे, ताई, मी तर पाहुण्यांचं ऐकून ऐकून उचलते. म्हटलं, उचलेगिरीच ती. ती हसली. हसू दे.

रविवार
रन संपला. जवळजवळ. सूनबाईला म्हटलं, विचार काहीही. तिने इंग्रजीत माझं नाव विचारलं म्हणे. म्हटलं, रनमधलं विचार. ती ह्यांच्याकडे बघून ओठ दाबत होती, मला दिसलं. उद्याचे कपडे स्वतः कडक इस्त्री केले. जागा माझीच.

सोमवार, ११ तारीख
खुर्ची मऊ आहे. दोघेजण गठ्ठा ठेवून न बोलता गेले, ते उत्तम जमलं. मग एक उंच बाई आली. कोट ठेवला, काहीतरी विचारलं. त्यात रन नव्हता. मी थांबले, म्हटलं पुढे येईल. तिने तेच पुन्हा विचारलं, मी बहिरी असल्यासारखं मोठ्याने. मग मीच धीर दिला, कलर नो रन. बाईने कोट छातीशी धरला. मागून जाऊ आली, दोन बोटं दाखवली, टू डेज असं काहीतरी पुटपुटली, बाई कोट देऊन हसत गेली. मालक बघत होते. चूक बाईचीच. एवढा मोठा शब्द सोडून भलतंच विचारत बसली.

मंगळवार
काउंटर जाऊला दिला. मी तशी नाहीच म्हणणार होते, काचेमागे बसलं की रस्त्यावरचा जो तो बघतो. ती तिथून गठ्ठे आत सरकवते आणि म्हणते, ताई, हे जरा लवकर हं.

दुपारी गुडघा असा धरला की टेबलाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात एक कॉलर करपली. माझ्या हातून पहिल्यांदाच.

सरळ मालकांपुढे गेले. म्हटलं, इंग्रजी चालूच आहे माझं, पण तोवर इस्त्रीच्या टेबलाशी उंच स्टूल द्या. ते म्हणाले, बघू.

म्हटलं, तुमच्या बघूचे सगळे अर्थ मला पाठ आहेत, आणि सगळे नाहीच असतात. शनिवारी शटर पडायच्या आत सांगा. हो की नाही.