लाल टोपीतला फोटो

मिसरोद, भोपाळ
२९ डिसेंबर

प्रिय अंबू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायला घेतलं की आई शेजारी येऊन बसते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून ऑफिसात डबा खाल्ल्यावर जी वीस मिनिटं उरतात, त्यांत तीन दिवस हे पत्र लिहिते आहे. शाई मध्येच बदललेली दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

नाताळच्या दिवशी मी ग्रुपवर एकच फोटो टाकला. आई, मी आणि माझ्या कडेवर शमिका. आईच्या डोक्यावर गोंड्याची लाल टोपी. दोन मिनिटांत तुझा बदाम आला आणि खाली तू लिहिलंस, आई काय खूश दिसतेय, आणि ताई म्हणते तिला विसर पडतोय. दिवाळीत मी तुला म्हटलं होतं, तीन-चार महिने आईला पुण्याला ने, मला जरा श्वास घेऊ दे. तेव्हाही तू हेच म्हणालास, फोनवर तर ती ठणठणीत वाटते, बघू. तेव्हा आता हा फोटो कसा निघाला ते नीट ऐक.

शमिकाच्या पाळणाघरात झाड सजवलं होतं. तेव्हापासून तिने सांता-सांता करून डोकं खाल्लं होतं. जितेंद्रच्या कारखान्याला सुट्टी होती, म्हणून म्हटलं जाऊ या न्यू मार्केटला, रोषणाई बघू, शमिकाला काहीतरी घेऊ, चाट खाऊन परत येऊ. दिवसा आईजवळ बसणारी बाई त्या दिवशी सुट्टीवर होती, आणि आईला घरी एकटं ठेवता येत नाही. मागच्या महिन्यात ती दूध आणायला म्हणून गेली आणि हायवेच्या पलीकडे सापडली, हे तुला सांगितलं होतं, तू म्हणालास वयाने होतं असं. तिला न्यू मार्केट म्हटल्यावर खूप आनंद झाला. बाबा असताना आपण दर नाताळला जायचो, आठवतं? निम्मी थंडी कुडकुडून झाल्यावर, बाबांना सुट्टी मिळाली म्हणून, तुझा शाळेचा मरून स्वेटर घ्यायला. दरवर्षी तोच रंग, एक नंबर मोठा.

गर्दीत जायचं म्हणून गाडीतच मी बॉलपेनने शमिकाच्या मनगटावर माझा नंबर लिहिला. आपल्याला दसरा मैदानावर नेताना आई कपड्यांना पत्त्याची चिठ्ठी पिनेने लावायची, तसंच. आईने ते पाहिलं आणि स्वतःचा हात पुढे केला. माझ्याही हातावर लिही म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, मला पाणी दे म्हणते तशी. मला गलबलून आलं. मी पहिले दोन आकडे लिहिले तेवढ्यात तिने हात ओढून घेतला. तुझा नको, अंबूचा लिही.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. सकाळच्या गोळ्या मी देते, वेणी मी घालते, न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी मी राहते, आणि हरवल्यावर हिला शोधायला अंबू हवा. मी ते दोन आकडे थुंकीने पुसले आणि तुझा नंबर ठसठशीत लिहिला. खाली माझाही लिहायला हवा होता. रुसून नाही लिहिला. बेचाळिसाव्या वर्षी रुसले मी.

जितेंद्रने आम्हाला कोपऱ्यावर उतरवलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत गेला तो अर्धा तास गेलाच. शमिका एक पाऊल चालेना. एका दुकानाच्या दारात सांता घंटी वाजवत उभा होता, त्याला बघून तिने असं भोकाड पसरलं की तो बिचारा दाढी काढून दाखवायला लागला, मग तर विचारूच नकोस. दहा पावलं पुढे गेल्यावर तिला तोच सांता परत हवा झाला. एका हातात तिची पिशवी, कडेवर ती, दुसऱ्या हातात आईचा हात. मग शमिकाला शू आली. मी आईला एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, हातात गरम शेंगदाण्यांची पुडी दिली आणि म्हटलं, आई, इथून हलू नकोस, मी आलेच. ती बरं म्हणाली. तिला खरंच तसं करायचं होतं, हेही मला माहीत आहे.

परत आले तर पायरीवर पुडी होती.

पुढची चाळीस मिनिटं मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. आईचा फोन घरी चार्जिंगला होता. पोलिसाला सांगितलं, दुकानांतून विचारत फिरले, जितेंद्र दुसऱ्या बाजूने निघाला. शमिकाला वाटत होतं आजी लपाछपी खेळते आहे. प्रत्येक म्हाताऱ्या बाईपाशी ती भॉक म्हणून ओरडत होती. मध्येच मला तिचं मनगट दिसलं आणि आईचं आठवलं. एकदम धीर आला. म्हटलं, कुणीतरी अंबूला फोन करेल आणि अंबू मला करेल. मी दर मिनिटाला फोन काढून बघत होते. मीच तुला लावू शकले असते, पण आई हरवली हे तुला सांगायला तोंड उघडेना. तू पहिलं काय विचारलं असतंस ते मला माहीत होतं.

सापडली ती पार दुसऱ्या टोकाला. शारदाबाई म्हणून एक बाई तिथे सांताच्या टोप्या आणि कापसाच्या दाढ्या विकतात. त्यांनी आईला आपल्या स्टुलावर बसवलं होतं, गार वारं सुटलं म्हणून डोक्यावर एक टोपी चढवली होती, आणि स्वतः उभं राहून धंदा करत होत्या. मला म्हणाल्या, अम्मा स्वेटर ढूँढ रही थीं, पाँचवीं वाले बच्चे का, मरून कलर का, बोलीं लड़का स्कूल में ठिठुर रहा होगा. मी रस्त्यातच बसून रडले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, काय गं, कुणी बोललं का तुला? मग म्हणाली, एक फोटो काढा आणि अंबूला पाठवा, म्हणजे त्याला काळजी नको. तो हा फोटो. मोठा करून बघ. माझे डोळे सुजलेत, आणि आईचा हात टोपीवर आहे, मनगट स्पष्ट दिसतं.

आता माझा गुन्हा सांगते. रविवारी तुझा फोन यायच्या आधी आई माझ्याकडे चिठ्ठी मागते. मी एका कागदावर लिहून देते: आज रविवार. सुनेचं नाव मृणाल. तिची गुडघेदुखी विचार. अंबूला बढती मिळाली, अभिनंदन कर. ती कागद मांडीवर ठेवून बोलते, आणि तुला ती ठणठणीत वाटते. वर्ष होत आलं. तुला कळू नये म्हणून तिची धडपड, आणि मी तिला साथ देत गेले. मग तू विश्वास ठेवला नाहीस म्हणून तुझ्यावर चिडत बसले.

आणि ज्यासाठी एवढं लिहिलं ते हे. शारदाबाईंनी मला अजून एक सांगितलं, हाथ पे नंबर लिखा था दीदी, तीन बार लगाया, किसी ने उठाया नहीं. पंचवीस तारखेला चार ते साडेचारच्या मधले तुझे मिस्ड कॉल उघडून बघ. अनोळखी नंबर मीही उचलत नाही, त्यामुळे त्याचा दोष मी तुला देत नाही. आईनेही दिला नाही. ती शारदाबाईंना म्हणाली, मीटिंग में होगा, अभी करेगा, आणि टोपी घालून वाट बघत बसली. तो नंबर अजून तिच्या हातावर आहे. अंघोळीने फिका झाला की ती पेन मागते आणि स्वतः एकेक आकडा गिरवते, रोज सकाळी. मी थकले आहे, अंबू. या रविवारी मी चिठ्ठी लिहून देणार नाही. ती अडखळेल, तुला भलतंच काही विचारेल, तू फोन ठेवू नकोस. फेब्रुवारीत ये आणि तिला घेऊन जा. आणि तोवर भोपाळहून कुणाचाही फोन आला तरी उचल.

तुझीच,
क्षितिजाताई