तीन भिंतींचं स्वयंपाकघर

बुधवार, ३ ऑक्टोबर १९५६, गौलीगुडा, हैद्राबाद
दिगू, छत्री विसरलास. चष्म्याची डबी विसरलास. तिसरं काय विसरलास ते तुझं तू आठव. औरंगाबादेपर्यंत गाडीत बसून दुसरं काय करणार आहेस.
लिहिणार शेजारची गोदाक्का, मराठी शाळेतली बाई. मी सांगायचं, तिनं लिहायचं, सुधारायचं नाही असं ठरलंय. पहिल्याच ओळीला शुद्ध करायला निघाली होती. हात धरला. वही दिगूच्याच कपाटातली, कोरी. कुणाला दाखवायची नाही. घरात बोलायला कुणी नाही म्हणून ही.

शुक्रवार, ५ ऑक्टो.
सरकार मुलूख वाटून घेतंय. मराठी कारकून तिकडं, तेलुगू इकडं. दिगूच्या हुकुमात त्याचं नाव, हुद्दा, टेबल-खुर्चीसुद्धा. म्हातारी कुणाच्या वाट्याला ते लिहायचं राहिलं.
निघताना त्यानं विचारलं होतं, हे खोटं बोलणार नाही. "आई, चलतेस का?" मी म्हटलं, "नको रे. मी कुठं आता." झालं. त्यानं वळकटीला दोरी बांधली.
गोदाक्का म्हणते, तुम्हीच नको म्हणालात ना? अगं, पहिलं नको हे काय नको असतं का? तुझ्या सासरी पाहुण्यानं भाकरीला नको म्हटलं की टोपली उचलून आत ठेवता का? पुन्हा विचारतात. तिसऱ्यांदा विचारतात. मग तो म्हणतो, बरं, अर्धी.
त्यानं एकदाच विचारलं.

सोमवार, ८ ऑक्टो.
गल्लीच्या तोंडाशी यूसुफमियां शिंपी. आज दारात आला. "नानी, इंग्रेज कंपनी आई है, हँसी का पिच्चर बनारे. उनकू एक बुढ्ढी होना, रोटी थापनेवाली. तुम चलते?"
"बुढ्ढी कौन?"
"अरे, साब लोगां बोलरे, मैं नक्को बोलता."
कंपनीचे कपडे तो शिवतोय. इंग्रजी येतं म्हणतो. जाऊन बघू म्हटलं. चार डबेवाले कारकून जेवायला असायचे, तेही आपापल्या मुलखाला गेले. पिठाचा डबा किती दिवस नुसता पुसायचा.

मंगळवार, ९ ऑक्टो.
मोटारीतून नेलं. तारनाक्याच्या पुढं माळ आहे, तिथं गाव उभं केलंय. खरं वाटावं असं, आणि मागं गेलं की नुसत्या काठ्या. माझं स्वयंपाकघर तीन भिंतींचं. चौथ्या भिंतीच्या जागी तीस माणसं उभी. वर छप्पर नाही, ऊन सरळ डोक्यात. चूल मात्र खरी. मी फुंकली, पेटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षं पेटवतेय, आजवर कुणी वाजवली नव्हती.
गोष्ट अशी. एक सायब गाडीतून उतरतो, वाट चुकतो, भुकेला होऊन माझ्या दारात येतो. मी भाकरी-पिठलं देते. गाडीची शिट्टी होते, तो पानावर हात आडवा धरतो, उठतो, पळतो. मला एवढंच करायचंय, थापायचं आणि वाढायचं. बोलायचं नाही. गोदाक्का हसतेय. हे लिहू नको म्हटलं तरी लिहितेय.

गुरुवार, ११ ऑक्टो.
चूक केली. कंपनी बुडते की काय वाटलं.
सायब जेवला. शिट्टी झाली. त्यानं पानावर हात आडवा धरला. माझा हात आपोआप गेला, त्याच्या बोटांवरच अर्धी भाकरी ठेवली. तो उठायला लागला तर खांदा धरून खाली बसवला आणि वर पिठलं. मला काय माहीत, हात आडवा म्हणजे त्यांच्यात खरंच पुरे असतं!
मोठा सायब, तो खुर्चीत बसून हुकूम सोडणारा, तोंडावर रुमाल धरून थरथरायला लागला. रडतोय वाटलं. यूसुफमियां धावत आला. "नानी, साब बोलरे ऐसाइच करो बोलके. कहानी बदल दिए." आता म्हणे सायबाची गाडी चुकणार. माझ्या अर्ध्या भाकरीपायी.
मग तेच अकरा वेळा. अकरा वेळा त्यानं नको म्हटलं, अकरा वेळा मी वाढलं. बिचाऱ्याचा पट्टा शेवटी सैल केला.
घरी आले. ताट घेतलं. नको म्हणायलाही कुणी नव्हतं.

शुक्रवार, १२ ऑक्टो.
पत्र नाही.

रविवार, १४ ऑक्टो., दसरा
सुट्टी. आपट्याची पानं गोदाक्काला दिली, यूसुफमियांला दिली, त्याच्या शेळीनं खाल्ली. दिगूचं पान देव्हाऱ्यात.
आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर तिकडच्या करामती विसरेन. कुत्रा एक दिसतो, असतात दोन. एक भुंकतो, एक नुसता बसतो. बसणाऱ्याच्या डोळ्याभोवती माझ्या तव्याची काजळी. सायबाच्या खोट्या मिश्या उन्हानं गळतात म्हणून बर्फाच्या पेटीत, सरबताच्या बाटल्यांशेजारी. पाऊस म्हणजे फळीवर बसलेला भिश्ती. गाडी नाहीच. एक जाड माणूस तोंडानं शिट्टी घालतो, दोघं ओलं गवत जाळून धूर करतात. भाकरीची वाफ दिसावी म्हणून ताटामागं उदबत्ती. म्हटलं, अरे, माणूस जेवतोय, गेलेला नाही.

बुधवार, १७ ऑक्टो.
त्यांची एक मडम आहे, वही घेऊन फिरते. काल जे जसं होतं ते आज तसंच हवं. त्यामुळं नऊ दिवस तेच लुगडं, धुवायचं नाही. पिठाचा डाग तिथंच. आज तिनं वही पाहिली, माझ्या कपाळाकडं पाहिलं. पहिल्या दिवशी यांच्या रंगवणाऱ्या माणसानं मला कुंकू लावलं होतं, ते मी इथं सांगितलं नाही. त्याला काय माहीत. मी हात धरला नाही, हेही खरं. दिगूचे अण्णा जाऊन चौदा वर्षं झाली.
रोज संध्याकाळी मोटारीत बसायच्या आधी पुसते. आज विसरले. गल्लीत शिरेपर्यंत तसंच. नळावर कुणी काही बोललं नाही. बोलणाऱ्या सगळ्या गेल्यात.

शनिवार, २० ऑक्टो.
हसवणारा सायब स्वतः हसत नाही. काम थांबलं की शिंदीखाली एकटा, टोपी तोंडावर. आज मी भाकरीचा कुटका आणि गूळ नेऊन दिला. त्यानं पाकिटातून फोटो काढला. म्हातारी बाई, दारात उभी. आई असणार. मी बोटानं विचारलं, कुठं? त्यानं वर नाही दाखवलं, लांब दाखवलं. मग बोट गोल गोल फिरवलं. म्हणजे काय? वर्षं? पत्रं? मडम आली आणि माझ्या डोक्यावरचा पदर कालच्यासारखा करून गेली.

मंगळवार, २३ ऑक्टो.
दिगूला पत्र घातलं. मजकूर: काम जोरात आहे, मोटार न्यायला येते, सायब लोक माझ्याशिवाय हलत नाहीत, माझी काळजी करू नये.
गोदाक्काची लेखणी अडली. "करमत नाही, एवढं तरी लिहू का?"
"नको."
तिनंही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शनिवार, २७ ऑक्टो.
संपलं. दुपारी दोघांनी माझं स्वयंपाकघर उचलून आडवं केलं. भिंतीमागं इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, 'ही बाजू वर' म्हणे. चूल मी स्वतः विझवली.
निघण्याआधी सगळ्यांना जेवू घातलं. खरं जेवण, उदबत्ती नाही. सायबाच्या पानात दोन भाकरी वाढल्या. त्यानं खाल्ल्या. माझ्याकडं पाहिलं, आणि पानावर हात आडवा धरला. धरून वाट बघत बसला. मी अर्धी ठेवली. तेव्हा पहिल्यांदा हसला, कुणी बघत नसताना.
सायबाला एवढ्या दिवसांत कळलं, दिगू. तू माझ्या हातचं तीस वर्षं खाल्लंस.

सोमवार, २९ ऑक्टो.
पत्र आलं. गोदाक्कानं दोनदा वाचलं, मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. खोली लहान आहे. नळ अंगणात. नातवाला, शशीला, खोकला होता, आता बरा. सूनबाईचा नमस्कार. आणि शेवटी: 'तू तिथं रमली आहेस हे वाचून बरं वाटलं. तुझं काम मोडून यावंस असा आग्रह मी करणार नाही.'
आग्रह करणार नाही.
यात त्याचा काय दोष. पत्र मीच सांगितलं होतं.

बुधवार, ३१ ऑक्टो.
उद्यापासून हैद्राबाद दुसऱ्या राज्याचं. गल्लीत झेंडे लावतायत. यूसुफमियांला विचारलं, तू कुठल्या राज्यात? म्हणाला, "मैं तो मशीन के पास इच हूँ, नानी."
गोदाक्काच्या नवऱ्याचाही हुकूम आला. औरंगाबाद. परवा निघतात. वळकट्या दारात आल्यात. ती गेल्यावर वही बंद. यूसुफमियां फक्त उर्दू लिहितो, आणि उर्दूत मी फार गोड वागेन.
ती म्हणाली, "मावशी, चला ना माझ्याबरोबर. दारापर्यंत सोडते."
म्हटलं, नको गं. मी कुठं आता.
तिनं पेन खाली ठेवलं. "चला म्हणते ना."
म्हटलं, न बोलावता कशी येऊ?
आता ती तिसऱ्यांदा विचारेल, मला ठाऊक आहे. पण ते तिनं विचारून उपयोग नाही.

गुरुवार, १ नोव्हेंबर
वही गोदाक्काच्या हाती देतेय. कुणाला दाखवायची नव्हती. दिगू, तुला 'कुणी' म्हणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. काम सत्तावीस तारखेलाच संपलंय, ते मागच्या पानावर आहे, नीट वाच. छत्री गोदाक्काकडं दिली आहे. चष्म्याची डबी दिली नाही. ती न्यायला तुला यावं लागेल.
गोदाक्का विचारते, दिवाळी दारात आली, फराळाचं काय लिहू? लिही. फराळ पाठवू नकोस. चिवडा, लाडू काही नको, इथं कोण खाणार. पाठवायची तर धपाटी पाठव, सूनबाईच्या हातची, परतीच्या वाटेत पुरतील अशी. माणसाबरोबर पाठव, टपालानं नाही. चटणी शेंगदाण्याची नको, दात हलतोय, जवसाची करायला सांग, बारीक. आणि दोघांपुरती.