दुभाष्याने 'मी' म्हणायचं

सोमवार, १४ नोव्हेंबर

भावोजी,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिण्याइतकी खोटारडी मी अजून झालेली नाही. तुमची तब्येत उत्तम असेलच, तुम्हाला कधी काही होत नाही. इकडे आई गुडघ्यांनी बेजार आहे. ताई ठीक आहे. तिच्याबद्दल याहून जास्त तुम्हाला कळवायचं कारण नाही.

कामाचं बोलते. माझी एक अशील आहे. बोलते अरबी, इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नाही. नवऱ्यापासून वेगळी राहते. तिची तान्ही मुलगी कोणाकडे राहणार, हे गुरुवारी ठरायचंय. कोर्ट चालतं इंग्रजीत, म्हणून दुभाष्या हवा. आधीच्यांनी वाट लावली. पहिल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि न्यायाधीशबाईंना सांगितलं, "घरात थोडी कुरबुर होती म्हणते." त्या कुरबुरीत तिचं मनगट मोडलं होतं. दुसरा माझ्याच ऑफिसात, माझाच चहा पीत तिला उपदेश पाजत होता. मी विचारलं तर म्हणे, "काही नाही मॅडम, जरा समजावतोय." तिनेच मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हा घरी जा म्हणतो. मी त्याला त्याच्या घरी पाठवला. तिसरा निघाला नवऱ्याचा दोस्त.

आता पुढची तारीख मिळणार नाही. दुभाष्या नसला तर तिची बाजू न ऐकताच निकाल होईल आणि मुलगी बापाकडे जाईल.

कोर्टाच्या यादीत उरलात तुम्ही. एवढी वर्षं आखातात नोकरी केलीत, अरबी पक्की आहे. शब्द गाळत नाही म्हणून वकील मंडळी तुमचं कौतुक करतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गुन्हा नोंदला गेला तर यादीतून नाव जातं. ताईने तक्रारच केली नाही. आईने करू दिली नाही, असं म्हणा हवं तर.

नियम तुम्हाला ठाऊक आहे. 'ती म्हणते' असं दुभाष्याने म्हणायचं नाही. साक्षीदार 'मी' म्हणाली की त्यानेही 'मी'च म्हणायचं. तेव्हा गुरुवारी माझ्यासमोर उभं राहून तुम्ही सांगाल, "मी जिन्यात उभी होते, मुलगी कडेवर होती, त्याने मला ढकललं." आवाज खाली गेला तर मी पुन्हा विचारीन.

मग नवऱ्याची साक्ष. तीही तुम्हीच सांगायची. तो म्हणणार, ती पाय घसरून पडली. हे तुम्हाला जड जाणार नाही. दवाखान्यात डॉक्टरांना तुम्ही हेच सांगितलं होतं, आणि ताई मुकाट्याने मान हलवत होती. तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वेणी मी घालून देते.

फी कोर्ट देईल. चहाची अपेक्षा ठेवू नका.

हे पत्र ताईला वाचून दाखवलं. वाटलं होतं, फाडून टाक म्हणेल. ती म्हणाली, "बोलव त्याला. त्या बाईचं नुकसान नको." मग वेणीसाठी माझ्याकडे पाठ करून बसली.

"आणि 'त्याने मला ढकललं' हे तो कसं म्हणाला, ते मला घरी येऊन सांग."

तुमची कोणी नाही,
ताईची धाकटी बहीण